तुकडी माझ्या ताब्यात होती

बाहत्तर सालच्या आसपासची गोष्ट. मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते आणि कॉलेजातल्या मुलींच्या परेडची तुकडी माझ्या ताब्यात होती. दर रविवारी सकाळी भिंगारच्या मैदानावर लष्करातले एक हवालदार आम्हाला शिकवत. पहिला धडा एकच, हुकूम येईपर्यंत हलायचं नाही. नाकावर माशी बसली तरी नाही. मला ते सहज जमलं. घरी लहानपणापासून तेच करत आले होते.

एका रविवारी मोठे साहेब तपासणीला येणार होते. तासभर आम्ही उन्हात सावधान उभ्या. माझ्या मागून मैत्रीण पुटपुटली, "अगं, डोळ्यांपुढे अंधारी येतीय." मी ऐकलं, पण मान वळवली नाही. हवालदार फाटकापाशी होते. ते काहीतरी सांगतील म्हणून मी थांबले. ती तोंडावर पडली. हनुवटी फुटली.

नंतर हवालदारांनी मला बाजूला घेतलं.

"तुकडी कुणाच्या ताब्यात होती?"

"माझ्या, सर."

"मग कुणाची वाट बघत होतीस?"

रात्रंदिवस तोच प्रश्न डोक्यात.

पुढच्याच महिन्यात कोल्हारचे पाहुणे मला बघायला आले. मुलाने एकदाही वर पाहिलं नाही. चहा झाल्यावर त्याचे वडील माझ्या वडिलांना म्हणाले, "आमची पसंती हाय. माघातच उरकून टाकू."

मला कुणी विचारेल म्हणून मी थांबले. कुणीच विचारलं नाही. मला हे लग्नच नको होतं. शेवटी मीच बोलले, पण तोंडून निघालं ते एवढंच, "मला परीक्षा द्यायचीय. लग्न त्यानंतर."

परेडचाच आवाज निघाला.

"आवाज लई मोठा हाय की पोरीचा!" मुलाची आई म्हणाली. माझे वडील ओशाळं हसले. "परेडला जाते ना, तिथली सवय." मग मुलाचे वडील म्हणाले, "बरं, होऊ द्या परीक्षा. ज्येष्ठात धरू." आणि साखर वाटली गेली.

संध्याकाळी मी आईला म्हणाले, "मला नाही करायचं हे लग्न."

"असं काय करतेस? लग्न त्यानंतर, असं तूच म्हणालीस ना सगळ्यांपुढे?"

ते खरंच होतं. होकार माझ्याच तोंडून गेला होता.

परीक्षा दिली. निकाल लागला तेव्हा मी कोल्हारला नांदत होते. वडिलांनी गुणपत्रिका पोस्टानं पाठवली. सासऱ्यांनी ती वाचली, घडी घातली आणि त्यांच्या कपाटात ठेवून दिली.