भावोजींचं डावं रीळ

माझ्या भावोजींसारखा माणूस जव्हार-मोखाड्याच्या सगळ्या डोंगरांत दुसरा नाही, आणि असलाच तर त्याच्या बायकोची मला आत्ताच काळजी वाटते. ताईचा, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचा, हा नवरा. शेती भाताची आणि नाचणीची, पण जीव सगळा मासे धरायच्या रिळात. मासे खाण्यातही नाही. मरळ सापडली की ती शेजारी देऊन टाकायचे आणि स्वतः उडदाचं वरण ओरपत रीळ पुसत बसायचे. धरणाच्या काठी एका शेठचा बंगला आहे, तिथे ते राखणीला जात. सुट्टीच्या दिवशी मुंबईहून गळवाले येत. त्यांचं सामान उचलता उचलता भावोजींनी त्यांची विद्याही उचलली, आणि कुणीतरी टाकून दिलेलं एक मोडकं रीळ घरी आणलं. ताई म्हणाली, "सवत आणली, तीपण लंगडी."

भावोजींच्या लेखी रिळाचे दोनच प्रकार. एक उभं, त्याला ते "चरखा" म्हणून नाक मुरडत. दुसरं आडवं, ज्याच्या चाकावर आपला अंगठा ठेवावा लागतो. "चरखा कोणीबी फिरवतं. ह्याला अंगठा लागतो," असं ते सगळ्यांना सांगत, एकदा तर एसटीच्या कंडक्टरलाही, तिकीट काढायचं सोडून. मरळ गवतात बसली असेल तर गळाला आमिष म्हणून लावलेला रबरी बेडूक जवळूनच, वाटीत तूप सोडावं तसा अलगद सोडायचा. त्याला दोरी जाड हवी आणि रीळ घट्ट, कारण मासा गवतात शिरला की गेला. पण ती पाण्यावर वाकलेल्या उंबराखाली असेल तर फांद्या आड येतात. तिथे बेडूक असा खालून फेकायचा की तो पाण्यावर टप टप टप उड्या मारत सावलीत गेला पाहिजे. लहानपणी आम्ही चपटा दगड फेकून पाण्यावर भाकऱ्या काढायचो, तसंच. भावोजी ह्यालाही भाकरच म्हणत. "आज सहा भाकऱ्या काढल्या!" असं ते दारातून ओरडले की ताई आतून विचारी, "मग मी चूल पेटवू का नको?"

भाकरीत खोड एकच. बेडूक पाण्याला टेकला की थबकतो, रिळाचं चाक मात्र फिरतच राहतं, आणि दोरीचा शेवयांसारखा गुंता होतो. म्हणून रिळाच्या बाजूची चावी पिळून आधी माप बसवायचं. बेडूक खाली सोडला आणि जमिनीला टेकला की चाक त्याच क्षणी थांबलं पाहिजे. हे माप भावोजी कुठेही बसवत. माझ्या पुतणीच्या लग्नात सगळे अक्षता घेऊन उभे, आणि माझ्या शेजारी रबरी बेडूक वरखाली होत होता. मला चार माणसांत मान वर करता येत नाही, त्यात हे. एकदा ताईने सकाळी अंगण सारवलं आणि पाठ वळताच ह्यांनी त्यावर बेडूक फेकला. चार भाकऱ्या उठल्या, चारही शेणात. ताई केरसुणी घेऊन आली तर म्हणतात कसे, "ओलं अंगण पाण्यासारखंच की! वाया कशाला घालवायचं?"

दोरीवर दाबून दाबून त्यांच्या अंगठ्याच्या रेषा गेल्या. रेशनच्या दुकानातलं मशीन त्यांचा अंगठा घेईना. दुकानदार म्हणाला, "काका, पुसून लावा." भावोजी म्हणाले, "मळला नाय, झिजलाय. विद्येने झिजलाय." तेव्हापासून ताईच्या अंगठ्यावर घरात तांदूळ येऊ लागला. ताई ते सगळ्या पाड्यात मिरवायची.

मग एका सकाळी ताईच्या अंगावरून वारं गेलं. उजवा हात, उजवा पाय आणि वाचा, तिन्ही एकदम. एक शब्द तेवढा राहिला, "नको". औषध नको, पेज नको, मी केस विंचरायला बसले की नको. मी माझं घर सोडून तिच्यापाशी राहिले. ती दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडायची. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, डावा हात तरी चालता ठेवा, नाहीतर तोही जाईल. पण तिलाच काही नको होतं.

त्याच आठवड्यात भावोजी माझ्याबरोबर गोळ्या आणायला जव्हारला आले आणि बाजारात जाळी-गळाच्या दुकानात शिरले. मला इतका राग आला की मी पायरीवरच उभी राहिले. आत त्यांनी एकेक रीळ कानाला लावून फिरवलं, घड्याळ ऐकावं तसं. सगळी बाजूला सारली.

"डाव्या बाजूला मूठ असलेलं दाखव."

"काका, तुमचा हात तर उजवा. डावं कशाला? एकच आहे, कोणी घेत नाय म्हणून पडलंय."

"दाखव तर. हलकं पाहिजे. आणि ब्रेक असा की नवख्या माणसाचा अंगठा चुकला तरी गुंता नाय झाला पाहिजे."

"नवखा कोण?"

भावोजींनी ते डावं रीळ कानाला लावलं. मला मात्र पायरीवर उभ्या उभ्या कळलं, आणि मी पदर तोंडाला लावला.

दोरी त्यांनी चाकावर अर्धीच भरली, भार कमी व्हावा म्हणून. गळाची काठी कापून आखूड केली. चावीचं माप बसवायला चार दिवस गेले. ताईच्या डाव्या अंगठ्यात जोर किती, हे बघायला ते तिच्या अंगठ्याखाली आपला अंगठा धरून बसत. तीन दिवस ती "नको" म्हणाली. चौथ्या दिवशी त्यांनी ओट्यासमोर पाण्याचं घमेलं ठेवलं, मुद्दाम बेडूक घमेल्याबाहेर टाकला, पुन्हा टाकला, पुन्हा बाहेर. ताईने वाकड्या तोंडाने त्यांच्याकडे बघितलं आणि डावा हात पुढे केला. टाकायचं डाव्या हाताने, मग काठी मांडीत दाबून मूठही डाव्यानेच फिरवायची. दिवाळीपर्यंत ती दहातले सहा बेडूक घमेल्यात टाकू लागली. मग आम्ही तिला मोटरसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून धरणावर न्यायला लागलो. एका दुपारी तिचा बेडूक उंबराकडे दोन उड्या मारत गेला, आणि ताई स्वच्छ म्हणाली, "भाकर."

भावोजींनी लगेच सामान आवरलं. संध्याकाळपर्यंत त्यांनी सगळ्या पाड्याला सांगितलं की बायको बोलली. शेजारीण म्हणाली, "काय बोलली?" "भाकर!" "अरे, मग उपाशी असेल ती, दे ना खायला!"

आता तिच्याकडे दोन शब्द झाले. "भाकर" म्हटलं की भावोजी खुंटीवरची काठी काढायचे.

गेल्या माघात भावोजी तिच्या गोळ्या आणायला जव्हारला गेले होते. दुपारी ताई म्हणाली, "भाकर." मी लगबगीने नाचणीचं पीठ मळलं, गरम भाकर केली, दुधात कुस्करून भरवली. तिने अर्धी खाल्ली आणि डोळे मिटले. उन्हं कलली तेव्हा बघितलं, तर ताई नव्हती.

वर्ष झालं. परवा वर्षश्राद्धाला गेले होते. जेवणं उरकल्यावर भावोजी म्हणाले, "चल बाय, पाण्यावर जाऊन येऊ." ते डावं रीळच घेऊन निघाले. उंबरासमोर उभं राहून त्यांनी बेडूक फेकला. एरवी सहा भाकऱ्या काढणारा माणूस, दोनच निघाल्या, आणि बेडूक सावलीच्या अलीकडेच थांबला.

मी म्हटलं, "चावी सैल करा ना जरा."

"नको. तिच्या मापाची आहे."

तेव्हा मला राहवलं नाही. वर्षभर मनात ठेवलेलं बोलून टाकलं. "भावोजी, त्या दिवशी ताई भाकर म्हणाली होती. आणि मी खायची भाकर आणली."

त्यांनी अंगठा चाकावर टेकवला. मग म्हणाले, "नाचणीची?"

"हो."

"खाल्ली?"

"अर्धी."

"मग तिला तीच हवी होती बाय. नसती हवी तर नको म्हणाली असती. तेवढं येत होतं तिला."

मी मान हलवली. ती "भाकर" म्हणाली तेव्हा तिची नजर खुंटीवर होती, हे मी त्यांना सांगितलं नाही. काठी काढून तिच्या हातात द्यायची एवढंच होतं, पण ती भावोजींची वस्तू, आपण कसा हात लावायचा, असं मला वाटलं. हे ह्या वहीतच राहू दे.

भावोजींनी मूठ फिरवली नाही. बेडूक पाण्यावर तसाच तरंगत होता, आणि दोन भाकऱ्यांची वर्तुळं मोठी होत होत उंबराखाली जाऊन पोचली.