खिडकीतली खाडी

माझ्या मुलीच्या शाळेत नववीपासून एक पुरस्कार-उपक्रम आहे. त्यात शर्यत नाही, कोणी पहिले येत नाही. मुलांनी स्वतःच काही ठरवायचे: एक सेवा, एक कौशल्य, एक खेळ, आणि शेवटी चौघांनी मिळून केलेली पायी भटकंती. ठरवलेले महिनोन्महिने, कोणी मागे न लागता, निभावायचे. दर आठवड्याची नोंद संकेतस्थळावर भरायची. अखेरीस बाहेरचे परीक्षक मुलांशी बोलतात आणि कांस्यपदकाचा निर्णय देतात. हे सारे नियम मला पाठ होते. ‘कोणी मागे न लागता’ एवढे शब्द सोडून.

आम्ही डोंबिवलीत राहतो, शाळा ठाण्यात. सेवेसाठी तिने खोपटला एसटी डेपोच्या मागे राहणाऱ्या एका वृद्ध कॅथलिक बाईंना दर शनिवारी तासभर वर्तमानपत्र वाचून दाखवायचे ठरवले. उमेदीच्या वर्षांत त्यांनी शिवणकाम केले होते. पुढे काचबिंदूने दृष्टी नेली. मुलगी त्यांना मावशी म्हणे. मी त्या घरी कधी गेले नाही. तिने येऊ नको असे म्हटले नव्हते. मीच विचारले नव्हते.

बदल मात्र मला दिसत होते. खडवलीच्या भटकंतीहून ती टाचांना फोड आणि केसांना चुलीच्या धुराचा वास घेऊन परतली, आणि दोन दिवसांत मला एकदाही फोन न केल्याबद्दल तिने दिलगिरी व्यक्त केली नाही. खिचडी करपली होती, वाट चुकली होती, एका म्हाताऱ्याला विचारून सापडली होती. हे ती इतक्या सहज सांगत होती की मला अभिमान वाटण्याआधी किंचित परके वाटले. बहुधा त्या परकेपणातूनच पुढचे घडले.

तिच्या नोंदी वाचून माझा जीव कळवळे. ‘आज वाचलं. मावशी म्हणाल्या, हळू वाच.’ ‘आज पेपर संपला तरी बसले.’ ‘आज आवाजावरून गाड्या ओळखल्या. दोन बरोबर, पाच चूक.’ मी आयुष्यभर कविता शिकले आणि शिकवली. माझ्या पोटच्या मुलीची वाक्ये इतकी कोरडी असावीत, परीक्षकांनी ती वाचावीत, हे मला सोसवेना. पासवर्ड मला ठाऊक होता. तिच्या सगळ्या नोंदी भरून झाल्यावर एका दुपारी, ती शाळेत असताना, मी तिच्या नोंदी ‘सुधारल्या’. गाड्यांचा तो पोरकट खेळ तर पुसूनच टाकला आणि त्या जागी लिहिले: ‘मावशींच्या खिडकीतून खाडीचा खारट वारा येतो. भरती आली की त्या मला थांबवतात आणि पाण्याचा आवाज ऐकतात.’

कॅथलिक बाई, म्हणजे खाडी असणारच. मला शंकासुद्धा आली नाही.

मुलाखतीच्या दिवशी पालकांना मागच्या रांगेत बसायला परवानगी होती. मावशींनाही चार शब्द बोलण्यासाठी उपक्रम सांभाळणाऱ्या सरांनी बोलावून घेतले होते. परीक्षक बाईंनी नेमकी तीच नोंद कौतुकाने मोठ्याने वाचली.

मावशींनी मान तिरकी केली. “माजे खिडकीन खाडी कवा आली गो? मना कोनी सांगितला नाय.”

लोक हसले. मावशीही हसल्या. “आमचे खिडकीन अलिबागची गाडी येते, बाय. खाडी नाय.”

परीक्षक बाई हसल्या नाहीत. “हे तू लिहिलंस?”

“नाही,” मुलगी म्हणाली.

“मग कोणी?”

मला तिची फक्त पाठ दिसत होती. सकाळी मीच घातलेली वेणी, तिच्या टोकाची निळी रिबीन. ती रिबीन हलली नाही. तिने मागे वळून पाहिले नाही. मी उठून उभे राहायला हवे होते. खुर्चीची लोखंडी कड माझ्या तळव्यांत रुतत होती, आणि मी बसून राहिले.

“पासवर्ड माझा आहे,” ती शेवटी म्हणाली. “मी तो जपायला हवा होता.”

“मग सेवेचा भाग पुन्हा करावा लागेल. तीन महिने.”

“चालेल.”

जिन्यावर ती मावशींचा हात धरून पुढे उतरत होती. मावशी मधेच थांबल्या. “मागशी कोन येते? चपला घासते ती?”

“माझी आई.”

“हां. खाडीवाली.” त्यांच्या स्वरात राग नव्हता, त्यामुळे अधिकच भाजले. “लिवते बरी. पन येकदा येऊन बगायचा ना.”

रिक्षात मुलगी एवढेच म्हणाली, “तू उठशील असं वाटलेलं मला.” घरी पोहोचेपर्यंत तिने पासवर्ड बदलला होता.

दुसऱ्या सकाळी मी सरांना पत्र लिहिले. पहिल्या मसुद्यात ‘मातृहृदय’ हा शब्द होता. दुसऱ्यात ‘भाषेचा मोह’. तिसऱ्यात फक्त एवढे उरले: नोंदी मी बदलल्या, तिला न सांगता, मुलाखतीत मी गप्प राहिले. इतकी कोरडी वाक्ये मी कधी लिहिली नव्हती. सरांनी कळवले की परीक्षक फेरविचार करतील. मुलगी नको म्हणाली. “मला तसंही जायचंच आहे.”

त्या तीन महिन्यांतल्या एका शनिवारी, तिची परवानगी घेऊन, मी खोपटला गेले. खिडकीबाहेर डेपोची भिंत होती. डिझेलचा वास, तापलेल्या रबराचा वास, कंडक्टरची दुहेरी घंटा. कुठलेसे इंजिन धाप लागल्यासारखे थांबून थांबून धडधडत होते. मावशींनी माझ्या दिशेने तोंड वळवले.

“बोल, कंची गाडी?”

मी डोळे मिटले. नीट ऐकले. जन्मभर कानांचा गर्व बाळगलेली मी.

“नाही ओळखता येत,” मी म्हणाले.

“शहापूर,” मुलगी वर्तमानपत्रातून मान न काढता म्हणाली, आणि पुढची बातमी वाचू लागली. हळू.

त्या दिवसाच्या नोंदीत तिने माझ्याबद्दल काही लिहिले का, ते मला ठाऊक नाही. मी विचारलेले नाही.