अण्णांच्या एका रात्रीसाठी गादी

गेल्या शनिवारी एक गादी विकत घ्यायची होती... आणि सकाळपासून मला त्याचीच भीती वाटत होती.

माझे वडील, म्हणजे अण्णा, करमाडला राहतात. त्यांच्या मणक्याचे ऑपरेशन झाले आणि पुढे महिनाभर इथे शहरातल्या दवाखान्यात रोज फिजिओथेरपी सांगितली. रोज एसटीचे धक्के खात ये-जा करायची नाही, असे डॉक्टरांनी बजावले होते.

आमच्या फ्लॅटमध्ये पाहुण्यांची खोली आहे. पण लेकीच्या घरी मुक्काम करायचा नाही, हा अण्णांचा जुना नेम. आजवर कधीही आले तरी चहा घ्यायचा आणि संध्याकाळच्या गाडीने परत... खूप विनवल्यावर एवढेच म्हणाले, "एक रात ऱ्हाऊन बघतो. पाठीला नाय जमलं तर सकाळी आपल्या घरी."

मला ठाऊक होते, घरी गेले की ते शेतावर जाणार, काहीतरी उचलणार आणि ऑपरेशन वाया जाणार. सगळे त्या एका रात्रीवर येऊन ठेपले होते. आणि त्या खोलीत होता नुसता रिकामा दिवाण.

दुसरी भीती घरातच होती. अण्णांना महिनाभर ठेवून घेऊ का, असे मी सासूबाईंना विचारले तेव्हा त्या मटार सोलत होत्या. "बघू," म्हणाल्या आणि पुन्हा सोलू लागल्या... त्या 'बघू'चा अर्थ मी आठवडाभर लावत बसले होते.

भीती वाटली की वाचायचे, ही माझी शाळेपासूनची सवय. फोम, कॉयर म्हणजे काथ्या, घनता, जाडी... गाद्यांवर बोर्डाची परीक्षा असती तर मी पहिली आले असते. पण फ्लॅटचे हप्ते भरून आम्हाला परवडेल अशा गादीच्या ऑनलाइन जाहिरातीखाली एकाने लिहावे 'पाठ सुधारली' आणि लगेच खाली दुसऱ्याने 'पाठ गेली'. वाचावे तितका गोंधळ अधिकच वाढे.

नवऱ्याची शेंद्र्याच्या कारखान्यात शिफ्ट होती, म्हणजे दुकानात मी एकटीच. त्यासाठी मनाची कशीबशी तयारी करत होते, तेवढ्यात सासूबाई चपला घालून दारात उभ्या. "मी पण येते."

रिक्षा करून आम्ही दोघी गुलमंडीच्या बाजारात गेलो.

दुकानदार मोठा बोलका. "पाहुण्यांसाठी ना ताई? मग ही हलकीवाली घ्या. बढिया झोप लागली तर पाहुणे परत जातील कशाला!" मी सासूबाईंकडे पाहिले. "हे पाहुणे महिनाभर आहेत," त्या कोरड्या आवाजात म्हणाल्या. ही तक्रार होती की नुसती माहिती, मला कळेना.

घनता विचारायचे ठरवले होते, पण मी नुसती गादीवरची चिठ्ठी वाचू लागले. "अहो, पडून बघा की!" दुकानदार म्हणाला. भर दुकानात... समोर शनिवारच्या बाजाराची गर्दी, आत आणखी दोन कुटुंबे. मी गादीच्या काठावर टेकले, तळव्याने दाबून पाहिले आणि पुटपुटले, "बरी आहे."

"बरी आहे म्हणजे? हातानं झोपणार का तुझे अण्णा?"

सासूबाईंनी पदर खोचला, चपला काढल्या आणि त्या चक्क आडव्या झाल्या. कुशीवर वळल्या. मग कमरेला हात लावून "आई गं..." असे कण्हत उठू लागल्या. एक बाई धावत आली, "काय झालं हो मावशी?"

"मला काही नाही. आमच्या व्याह्यांची पाठ दुखते, त्यांच्यासारखं उठून बघते." आणि दुकानदाराला म्हणाल्या, "भाऊ, ही राहू द्या. यातून उठायला क्रेन लागंल."

अशा दोन गाद्या नापास झाल्यावर त्या कॉयरच्या एका गादीवर स्थिरावल्या. शेजारची जागा थोपटून म्हणाल्या, "ये. अण्णांची पाठ तुला ठाऊक, मला नाही." आता नाही म्हणायचीही भीती... मी ओढणी सावरली आणि डोळे घट्ट मिटून आडवी झाले.

"माझे वडील एकदा माझ्या सासरी आले होते," शेजारून हळू आवाज आला. "ओसरीवरच बसले. पाणीसुद्धा घेतलं नाही. राहा म्हणायची माझी छाती झाली नाही... सासू दारात उभी होती." मग म्हणाल्या, "तू घाबरत का होईना, विचारलंस तरी."

मी डोळे उघडले. वर पंखा संथ फिरत होता.

त्या मात्र उठल्याही. "भाऊ, हीच द्या. पण भाव नीट लावा, दोघी झोपून उठलो म्हणजे वापरलेलीच झाली की!"

रविवारी अण्णा आले. पिशवीत कपड्यांचा एकच जोड होता... ती पिशवी पाहिली आणि भीती पुन्हा जागेवर येऊन बसली.

सोमवारी सकाळी चहा घेऊन गेले, तर खोलीचे दार उघडे, गादी रिकामी आणि चादरीवर एक सुरकुतीही नाही. ते झोपलेच नाहीत की काय? की न सांगता निघून गेले? कप खाली ठेवून मी त्यांची पिशवी शोधू लागले. उठल्यावर अंथरूण नीट करायची त्यांची सवय मला तेव्हा आठवलीच नाही.

तेवढ्यात बाल्कनीतून आवाज आला. अण्णा फोनवर माझ्या आईशी बोलत होते. "व्हय, लागली झोप... लई दिसांनी. ते जाऊ दे, तीन सदरे दे पाठवून. अन् माझा अडकित्ता."

मी तिथेच भिंतीला टेकले. मागून येणाऱ्या सासूबाईंनीही ते ऐकले असावे. "सुपारी आणायला पाहिजे," एवढेच म्हणून त्या स्वयंपाकघरात गेल्या.

माझा भित्रेपणा जाईल असे वाटत नाही... पण घाबरलेल्या माणसालाही विचारता येते, हे त्या दुकानात आडवे पडल्यावर मला उमगले. सासूबाईंना मी आईच म्हणते. आई, तुम्ही फेसबुकवर नाही, म्हणून तुमचे आभार इथे मानते आहे. समोर मानायची छाती अजून होत नाही.