तोंडात खर्रा, टाकीत डिझेल

खुशालरावांनी उभा जन्म दर्यापूर-अकोला रस्त्यावर काळीपिवळी जीप चालवली. जीप शेवटी भंगारात गेली; ड्रायव्हर तेवढा शिल्लक राहिला. पानठेल्यावर बसून तो येणाऱ्याजाणाऱ्या गाड्यांचे आवाज ऐकायचा आणि कुणी न विचारता दोष सांगायचा. विपुल नावाच्या जीपवाल्याला तर रोज ऐकावं लागे, "क्लच जाळून राहिला तू, बाप्पा!"

लेक आकांक्षा अमरावतीला बँकेत. तिनं लाल पेट्रोल गाडी घेतली, दर्यापूरला दारात आणून ठेवली आणि चावी आईकडे दिली, लीलाबाईंकडे. ज्या माणसानं अर्धा तालुका अकोल्याला पोचवला त्याला घरच्या गाडीला हात लावायची चोरी! खुशालरावांना हे फार लागलं होतं.

आकांक्षाच्या चुलतभावाचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, अकोल्यात निघालं तेव्हा ती म्हणाली, "बाबा, आईले धड घेऊन या. मंग दुसरी चावी तुमची." शिवाय टाकीच्या झाकणावर तिनं 'पेट्रोल' असा ठळक स्टिकर लावला. तिची पाठ फिरताच खुशालरावांनी तो नखानं खरवडून काढला. "मले शिकवते!"

त्या दिवशी ते ऐटीत पंपावर शिरले. गालात नुकताच भरलेला सुपारी-तंबाखूचा खर्रा, म्हणजे बोलायची सोय नाही. पण बोलायचं कशाला? पंपावरच्या बुधाजीला त्यांची खूण पाठ होती. खिडकीतून हात काढून हवेत एक गोल फिरवला की जीपची टाकी डिझेलनं फुल. बुधाजीनं गाडी पाहिलीच नाही, हात पाहिला, आणि डिझेलची नळी उचलली. नळी टाकीच्या तोंडात काही शिरेना. त्यानं ती तिरपी धरून नेटानं डिझेल ओतलं.

"अहो, काहून जात नसंन ते?" लीलाबाईंनी विचारलं.

खुशालरावांनी नुसता हात झटकला. नव्या गाड्यांचे नखरे!

गाव मागे पडलं आणि गाडी खोकायला लागली. मग धूर, मग आचके, मग शेताच्या बांधाशी मुक्काम. खुशालरावांनी बॉनेट उघडलं, मान तिरकी करून आवाज ऐकला. आवाजच नव्हता. तेवढ्यात नेमकी विपुलची जीप आली. तो उतरला, टाकी उघडून हुंगली आणि हसू दाबत म्हणाला, "काका, डिझेल हाय हे."

फोन वाजला. आकांक्षा.

"बाबा, कुठं हाय तुमी?"

"हूं."

"पहिले खर्रा थुंका."

खुशालराव थुंकले. कंपनीनं फसवलं म्हणावं, बुधाजीनं घात केला म्हणावं, सगळं ओठावर आलं होतं. पण विपुल समोर उभा, लीलाबाई खिडकीतून बघताहेत.

"माय, डिझेल भरलं. बुधाजीची चूक नाई. म्या हात फिरवला. तुवा चिटकवलेलं नाव बी म्याच काढलं. मी चुकलो."

बाबा चुकल्याचं बाबांच्या तोंडून आकांक्षा जन्मात पहिल्यांदा ऐकत होती.

विपुलनं दोर बांधला. लाल गाडी काळीपिवळीच्या मागे खेचली जात अकोल्याला मंगल कार्यालयासमोर आली, तेव्हा नेमके सगळे सोयरे दारात उभे होते. स्टेअरिंगमागे खुशालराव, नजर थेट समोर. याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण.

आकांक्षा खिडकीशी आली. खुशालरावांनी चावी तिच्यापुढे धरली. "ठेव बाई. तुयीच हाय."

तिनं ती घेतली नाही. उलट पर्समधून दुसरी काढून त्यांच्या तळहातावर ठेवली. "मले खरं सांगणारा ड्रायव्हर पाह्यजे होता."

खुशालरावांचे डोळे भरून आले.

गाडी दुरुस्त होऊन आल्यावर ते पंपावर गेले. खाली उतरले, खर्रा थुंकला, चूळ भरली आणि रांगेतले ट्रॅक्टरवाले दचकतील अशा आवाजात म्हणाले, "बुधाजी, पेट्रोल!"

"माईत हाय, भाऊ," बुधाजी म्हणाला, "आता साऱ्या दर्यापूरलेच माईत हाय."