बशीर मिस्तरीचा लाल डोंगर

शहाद्यात बशीर मिस्तरीचं नाव एका जिन्यामुळे झालं होतं. तीस-बत्तीस वर्षांपूर्वीची गोष्ट. एका केळीवाल्या पाटलाच्या नव्या घराचा जिना त्याने बांधला, पाणी मारून झालं, आणि दुसऱ्या दिवशी तो त्या जिन्यावरून चार-पाच वेळा वर गेला, खाली आला आणि मधेच थांबला. तिसरी पायरी बाकीच्यांपेक्षा अर्धा इंच उंच होती. पाटील म्हणाले, "राहू द्या हो, कोणाच्या लक्षात येतंय?" बशीर म्हणाला, "पायाच्या येतं." आणि हातोडा मागवून त्याने वरच्या सगळ्या पायऱ्या फोडल्या. पाटलांच्या आईने तोंडाला पदर लावला. आठवडाभराने जिना पुन्हा उभा राहिला, आणि पुढे गावात कोणाला जिना बांधायचा असला की लोक आधी बशीरच्या दारात यायचे.

असा हा माणूस त्रेसष्टाव्या वर्षी घरी बसला, कारण त्याच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. नंदुरबारला जाऊन आधी उजव्या आणि महिन्याभराने डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरीणबाईंनी काळा चष्मा दिला आणि बजावलं, "सहा आठवडे सिमेंटच्या धुळीत जायचं नाही, ओझं उचलायचं नाही. नजर मात्र वापरा, बसून राहू नका."

नजर अशी मिळाली होती की पहिले दोन दिवस बशीर घरातल्या घरात फिरून वस्तू पाहत होता. अंगणातली प्लास्टिकची बादली निळी आहे हे त्याला माहीत होतं, पण ती इतकी निळी आहे हे माहीत नव्हतं. रशिदाची ओढणी, ताटातली हळद, भिंतीवरच्या कॅलेंडरचे लाल आकडे. "हा रंग तू कधी दिलास?" असं त्याने स्वयंपाकघराच्या दाराकडे बोट करून बायकोला विचारलं. रशिदा म्हणाली, "महजबीनचे अब्बा, तो तुम्हीच दिलाय. चार वर्षं झाली."

तिसऱ्या दिवसापासून त्याला कंटाळा आला. हात रिकामे म्हणजे काय असतं हे त्याला कोणी शिकवलंच नव्हतं. तेराव्या वर्षापासून तो वडिलांच्या हाताखाली विटा देत होता. ओट्यावर बसून तो समोरच्या घराच्या प्लास्टरमधल्या चुका मोजायचा आणि त्या घरमालकाला मोठ्याने ऐकवायचा. शेवटी रशिदानेच त्याला आत बोलावलं, "ओट्यावर बसून भांडणं लावू नका. आतल्या खोलीतलं महजबीनचं कपाट तरी आवरा."

महजबीन त्यांची एकुलती एक मुलगी. पुण्यात एका कंपनीत कॉम्प्युटरवर काम करायची. तिच्या कपाटात जुनी वह्या-पुस्तकं होती, स्वेटर होते, आणि सर्वांत वरच्या कप्प्यात, चादरीत गुंडाळलेली एक मोठी पेटी होती. बशीरने ती टेबलावर ठेवली आणि चादर सोडली.

पेटीवर लाल डोंगराचं चित्र होतं. डोंगरात खोल दरी, दरीच्या तळाशी चार-पाच इवली माणसं, वर हवेत उभं असलेलं राखाडी यान, आणि यानातून खाली लोंबणारी दोराची शिडी. बशीरला ते चित्र ओळखीचं वाटलं. मग आठवलं. महजबीन अकरा वर्षांची असताना टीव्हीवर हिंदीत लागलेला तो परग्रहाचा सिनेमा! वादळात अडकलेल्या माणसांना न्यायला यान येतं आणि जमिनीवर उतरायला जागा नसते म्हणून शिडी सोडतात, तो प्रसंग. साऱ्या जगाने तो पाहिला होता म्हणे. महजबीनने तर तो सिनेमा आठ वेळा पाहिला, आणि महिनाभर घरातल्या कपडे वाळत घालायच्या दोरीला शिड्या बांधल्या होत्या.

त्याने पेटी हलवली. आत खुळखुळ झाली. पुन्हा हलवली. मग जे व्हायचं ते झालं. बशीरने दाढीच्या ब्लेडने कडेची पट्टी कापली.

आत प्लास्टिकच्या नऊ मोठ्या पुड्या होत्या, प्रत्येकीवर आकडा. पुड्यांत रंगीत विटा होत्या. विटाच त्या! काही शेंगदाण्याएवढ्या, काही तांदळाच्या दाण्यापेक्षा जराशा मोठ्या. वर गोल टेंगळं, खाली पोकळी. दोन घेऊन त्याने एकीवर एक दाबल्या. टक असा आवाज आला आणि त्या अशा बसल्या की नखाने सुटेनात.

तेवढ्यात रशिदा बाजारातून आली. हातातली पिशवी तिने तिथेच ठेवली. "हे काय केलंत? ती पेटी उघडायची नव्हती!"

"का?"

"का ते मला नाही कळलं. दोन वर्षांपूर्वी ठेवताना ती म्हणाली होती, अम्मी, ही बंदच राहायला हवी. आता असली पेटी कुठे मिळत नाही, कंपनीने बनवायची थांबवली. हौशी लोक बंद पेटीच जपून ठेवतात. उघडली की गेली."

"मग मला सांगायचं होतंस!"

"तुम्ही कपाटाला कधी हात लावाल असं वाटलं होतं का मला?"

दोघांनी मिळून चिकटपट्टी लावून पेटी बंद करायचा प्रयत्न केला. ती एसटीने आलेल्या पार्सलसारखी दिसू लागली. बशीर खुर्चीत बसला. मुलीने आपल्या कमाईतून घेतलेली, जपलेली एकमेव वस्तू, आणि बापाने ब्लेड चालवलं.

पण त्याच्या हातात पेटीतून निघालेली, विटा कशा जोडायच्या ते दाखवणारी पुस्तिका होती. त्याने ती सहज चाळली आणि चाळतच राहिला. दोनशे पानांत एकही अक्षर नव्हतं. बशीर उर्दू शाळेत चौथीपर्यंत गेला होता. इंजिनिअरचे नकाशे त्याला घडाघडा कळायचे, पण कोपऱ्यातलं इंग्रजी दुसऱ्याकडून वाचून घ्यावं लागे आणि त्याची त्याला जन्मभर लाज वाटत आली होती. इथे नुसती चित्रं होती. या दोन विटा इथे, ती लांब इथे, आता मागून वळवा. ज्याने हे काढलं तो आपल्या जातीचा माणूस, असं त्याला वाटलं.

"आता फुटलीच आहे पेटी," तो म्हणाला. "बांधून तरी बघतो."

रशिदाने पिठाची परात, दोन ताटं आणि इडलीचं भांडं आणून दिलं. मोठ्या विटा परातीत, ताटांत रंगवार मधल्या, इडलीच्या खळग्यांत बारीक. तेराशेच्या वर तुकडे होते. बशीर सकाळी चहा घेऊन बसायचा तो अजानीला उठायचा. चौथ्या दिवशी त्याला एक गोष्ट दिसली आणि तो मोठ्याने हसला. डोंगराच्या भिंतीत कुठेही सांध्यावर सांधा येत नव्हता. खालच्या दोन विटांच्या मधोमध वरची वीट. वडिलांनी कानफटीत मारून शिकवलेली पहिली गोष्ट, आणि ती खेळण्याच्या पुस्तकात!

तिसऱ्या पुडीत तो चुकला. एक ओळ एका टेंगळाने सरकली होती, आणि ते कळलं चाळीस पानं पुढे गेल्यावर. रशिदा म्हणाली, "मागच्या बाजूला आहे, दिसत पण नाही." बशीरने तिच्याकडे नुसतं पाहिलं आणि डोंगर फोडायला घेतला.

आठवी पुडी चालू होती तेव्हा दिवाल्या आला. दिवाल्या धडगावकडच्या डोंगरातला. बावीस वर्षांपूर्वी बशीरकडे घमेली उचलायला आला आणि विटा लावायला शिकला. आता तो चांगला मिस्तरी होता, तरी काम बशीरबरोबरच करायचा. डोळ्यांची चौकशी करायला तो घरच्या आंब्यांचं आमचूर घेऊन आला होता. टेबलावरचा हातभर उंच लाल डोंगर पाहून तो दारातच थबकला.

"हाई काय बांधी ऱ्हायना, मिस्तरी? सिमेंट नही, पानी नही, आनि भीत उभी ऱ्हायनी!"

"बस. हात लावू नको, दख फक्त."

दिवाल्याने वाकून, चारी बाजूंनी डोंगर पाहिला. चहा झाला. "आते दिसस ना नीट?" त्याने विचारलं.

"बठ्ठं दिसस. तुन्ही दाढीना पांढरा केस बी दिसतस."

दिवाल्या हसला नाही. कपातला तळ पाहत म्हणाला, "एक सांगू का? राग तं नही येवाव ना?"

"सांग."

"दोन साल व्हई ग्यात, तुले ओळंबानी दोरी नीट दिसे नही. तू जेवाले बसना का मी दोन-तीन इटा काढी, पुन्हा नीट लाई देऊ."

बशीरचा हात थांबला. दोन वर्षं. शाळेमागची दोन घरं, दवाखान्याचं कंपाउंड, मशिदीत नमाजाआधी हातपाय धुतात त्या वजूखान्याची भिंत. त्याने मान वर केली नाही. कान मात्र तापले.

"माले का बरं सांगं नही?"

"तू मन्हा मिस्तरी शे. तुले कसं सांगू?"

आत रशिदाच्या भांड्यांचा आवाज थांबला होता. मग बशीरने खुर्ची सरकवली, दिवाल्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि विचारलं, "वजूखानानी भीत कितली वाकडी व्हती?"

"बोटभर."

"बोटभर!" बशीर म्हणाला, आणि हसू लागला. हसता हसता डोळ्यांतून पाणी आलं तसा रशिदाने आतून आवाज दिला, "डोळे चोळू नका! डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या होत्या?" मग दिवाल्यालाही हसू फुटलं.

दिवाल्या गेल्यावर बशीर फोन घेऊन बसला. दिवाल्याने दोन वर्षं पोटात ठेवलं आणि शेवटी सांगूनच टाकलं. आपण दहा दिवस झाले तरी पोरीला सांगत नाही. त्याने नंबर लावला.

"बेटा, तुझी लाल डोंगराची पेटी मी उघडली. मला माहीत नव्हतं. पण उघडली ती मीच. आणि आठ पुड्या लावल्या पण."

"अब्बा, मी नंतर बोलते," एवढंच म्हणून महजबीनने फोन ठेवला.

नंतर म्हणजे कधी, हे काही कळेना. एक दिवस गेला, दुसरा गेला. बशीरने नवव्या पुडीला हात लावला नाही. टेबलावर चादर टाकली आणि पुन्हा ओट्यावर जाऊन बसला, पण समोरच्या प्लास्टरलाही काही बोलला नाही.

शनिवारी सकाळी पुण्याची गाडी स्टँडवर आली आणि अर्ध्या तासात महजबीन पाठीवर सॅक घेऊन दारात उभी राहिली. सलाम केला, आईने पुढे केलेला पाण्याचा तांब्या घेतला, आणि सरळ आतल्या खोलीत गेली. बशीर मागे मागे. तिने चादर उचलली.

लाल डोंगर खिडकीच्या उन्हात उभा होता. कडे, कपारी, वादळाने घासलेले खडक, दरीत उतरणारी अरुंद वाट. महजबीन खाली बसली, डोळे डोंगराच्या उंचीला आणले आणि दरीत पाहत राहिली.

"रागावलीस?" बशीरने विचारलं.

"रागावले होते," ती म्हणाली. "फोन ठेवल्यावर मी रडले, अब्बा. पेटी गेली म्हणून रडतेय असं मला वाटलं. पण रूमवरच्या जागृतीने विचारलं, तुला ती विकायची होती का? मी म्हटलं नाही. कोणाला दाखवायची होती? नाही. मग दोन वर्षं काय करत होतीस तिचं? मी म्हटलं, घरी गेले की कानाशी धरून हलवायची आणि परत ठेवायची." ती हसली. "मला ती बांधायची होती. इतकंच होतं. पेट्या जमवणाऱ्यांच्या ग्रुपवर सगळे म्हणायचे बंद ठेव, म्हणून ठेवली. आणि तुम्ही एकट्याने सगळी बांधून टाकली, याचा राग आला."

"सगळी नाही," बशीर म्हणाला, आणि नववी पुडी तिच्यासमोर ठेवली. "यान आहे यात. माणसं आहेत, शिडी आहे. शेवटचा हात मालकाचा असतो."

त्या दिवशी घरात दुपारचं जेवण चार वाजता झालं. महजबीनची बोटं भराभर चालायची आणि बशीर एकेक वीट पारखून द्यायचा. यान डोंगराच्या कड्यावर एका पारदर्शक दांडीवर उभं करायचं होतं. ते बसवल्यावर बशीरने मान हलवली. "पुढे झुकतंय. मागे वजन हवं."

"पुस्तकात असंच आहे, अब्बा."

"पुस्तकवाल्याचं टेबल सरळ असेल. आपली फरशी मीच घातलीय, मला माहीत आहे." उरलेल्या तुकड्यांतून त्याने चार काळ्या विटा शोधल्या आणि कड्याच्या आतून, कोणाला दिसणार नाही अशा बेताने, टेकू दिला. यान ताठ उभं राहिलं. महजबीनने पुस्तिका मिटली.

माणसं लावायची वेळ आली तेव्हा रशिदाही हात पुसत आली. पाचांत एक बाई होती. सिनेमात ती शेवटी चढते, असं महजबीनने सांगितलं. "का म्हणून?" रशिदा म्हणाली आणि त्या बाईला तिने शिडीच्या पहिल्या जागी लावलं. त्यावर कोणी वाद घातला नाही.

महजबीनने फोटो काढून आपल्या ग्रुपवर टाकला. उघडली म्हणून दोघा-तिघांनी हळहळ व्यक्त केली. एकाने मात्र विचारलं, हे यान झुकत नाही ते कसं, आमचं तर सगळ्यांचं झुकतं. बशीरला ते वाचून दाखवल्यावर तो दिवसभर खुशीत होता, आणि काळ्या विटांचं चित्र काढून त्या माणसाला पाठवायला लावलं.

सहा आठवडे संपल्यावर बशीर कामावर गेला. त्याआधी तो आणि दिवाल्या वजूखान्याच्या भिंतीशी जाऊन आले. बशीरने स्वतः ओळंब्याची दोरी सोडून पाहिली. भिंत सरळ होती. तेव्हापासून लोकांना तो सांगतो, काम द्यायचं तर दोघांना द्या, दोन मिस्तरी आहोत आम्ही. खापर गावात एका दुकानाचं काम मिळालं ते त्यांनी असंच बरोबरीने घेतलं.

लाल डोंगर पुढच्या खोलीत काचेच्या कपाटात आहे. त्या रविवारी महजबीन पुण्याला परत निघाली तेव्हा स्टँडवर गाडीच्या खिडकीतून तिने विचारलं, "अम्मी, पुढच्या वेळी कुठली पेटी आणू?"

"घराची आण," रशिदा म्हणाली. "स्वयंपाकघर असलेली. ओटा किती उंच घ्यायचा ते मी सांगेन."

कंडक्टरने घंटी दिली. बशीर खिडकीबरोबर चार पावलं चालला आणि म्हणाला, "मोठी आण. दिवाल्या पण येणार आहे."