सोडून दिलेला ढग

ढगांवर फवारणी करून पाऊस पाडण्याचे प्रयोग जिथे चालत, त्या केंद्रात ती रडार सांभाळायची. वैमानिक तिला रडारबाई म्हणत. पडद्यावर ढग दिसला की त्याची उंची, आतलं पाणी, माथ्याचा गारठा बघून तो फवारणीजोगा आहे का, हे ती ठरवायची. तिचा अधिकार तिथेच संपायचा. पुढे कौल संगणकाचा, चिठ्ठी उचलल्यासारखा: फवारा, नाहीतर सोडा. निम्मे ढग मुद्दाम सोडायचे. त्याशिवाय पाऊस फवारणीने पडला की आपसूक, हे कळणार कसं?

त्या दुपारी ढग जमला तो नेमका तिच्या थोरल्या बहिणीच्या गावावर. तिथला तलाव आटला होता आणि ताईची लाँड्री पाण्यावाचून बंद पडायच्या बेतात होती. विमान ढगाखाली पोचलं. रडारबाईने कळ दाबली. उत्तर आलं: सोडा. तिने ते वैमानिकाला कळवलं.

"बाई, असला ढग क्वचित मिळतो," वैमानिक रेडिओवर म्हणाला. "नीट बघितलंत ना?"

'फवारा' म्हणावं, कोण विचारतंय, असं तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. मग म्हणाली, "सोडा. परत या."

ढग गावावर बराच वेळ रेंगाळला आणि डोंगरापलीकडे जाऊन विरला.

संध्याकाळी ताईचा फोन आला. "विमान घिरट्या घालून गेलं की गं! सगळी गल्ली गच्चीवर होती. तूच होतीस ना कामावर?"

तिने निम्म्या ढगांचं सगळं समजावलं.

"म्हणजे ताडून बघायला कोणीतरी कोरडं राहायला हवं," ताई म्हणाली. "बरं."

भांडली असती तर परवडलं असतं.

पुढे लाँड्री बंदच झाली. मशिनं विकून ताई दूरच्या शहरात एका हॉस्पिटलच्या धुलाईखात्यात लागली. फोनवर बोलणं तब्येतीपुरतं उरलं.

हंगाम संपला, निकाल लागला. फवारलेल्या ढगांनी किंचित जास्त पाणी दिलं होतं. इतकं किंचित, की तो योगायोगही असू शकेल. साहेब म्हणाले, आणखी दोन हंगाम बघावे लागतील. तिने लगेच ताईला फोन लावला.

"म्हणजे ढग फवारला असता तरी पाऊस पडला नसता?"

"तसंही सांगता येत नाही, ताई."

पलीकडे मशिनांची घरघर चालू होती. "मग फोन कशाला केलास?" ताई म्हणाली. "चादरी निघाल्यात. ठेवते."

नवा हंगाम लागला तेव्हा रडारबाई त्याच खुर्चीत होती. राजीनामा द्यावा असं खूपदा मनात आलं. पण तिच्याजागी ढग पारखणारं दुसरं कोणी नव्हतं; प्रयोग अर्धवट राहिला असता, तर ताईचं कोरडं राहणं फुकटच गेलं असतं.