सेल उतरलेलं गाणं

आमच्या कॉलनीनं एकदा सिनेमा काढला होता, असं सांगितलं की नातवंडं हसतात. पण काढला होता. ऐंशी सालानंतरची गोष्ट, व्हिडिओ नुकताच आला होता. शेजारचा एक तरुण द्वारका चौकाजवळच्या आपल्या दुकानातून लग्नाची शूटिंगं करायचा. लग्नं काढून काढून त्याच्या मनात आलं, एक छोटासा पिक्चर काढू. प्रेमाचा, गाण्यांचा, शेवटी ताटातूट. कॉलनीत होणाऱ्या जयंतीच्या कार्यक्रमात दाखवू.

हिरॉईन म्हणून शाळेतल्या एक बाई मिळाल्या. दिसायला छान, पण गळा नाही. गळा होता माझ्या धाकट्या नणंदेला, आणि ती तर गाणं सोडून बसलेली. कॉलनीतल्याच एका मुलाशी तिचा साखरपुडा झाला होता, दोघांच्या पसंतीनं. त्याच्या घरच्यांनी तो मोडला आणि लगेच देवळा गावाकडची मुलगी त्याला करून आणली. त्यानं तोंडातून शब्द काढला नाही. तेव्हापासून ही भांडी घासतानासुद्धा गुणगुणायची नाही.

मीच तिच्या मागे लागले. म्हटलं, "पडद्यावर तू कुठं दिसणारेस?"

"वहिनी, लोक आवाज ओळखत नाहीत का? विरहाचं गाणं म्हणायचं मी, आणि समोर तो बसणार बायकोला घेऊन. म्हणतील, बघा, ही अजून रडतीये."

"मग रडक्या आवाजात गाऊ नकोस."

तिला जरासं हसू आलं. तेव्हाच मी ओळखलं, ही गाणार.

आमच्या स्वयंपाकघराच्या खिडक्यांना गोधड्या टांगून गाणी टेप केली. पंखा बंद, स्टोव्ह बंद, सगळे घामानं निथळत होतो.

शूटिंग निफाडला, ओळखीच्यांच्या द्राक्षबागेत. तिथं टेप लावायचा आणि बाईंनी त्यावर ओठ हलवायचे. बागेत वीज कुठली, टेप चालला सेलवर, आणि सेल जुने. शेवटचं गाणं लागेपर्यंत ते उतरत आले. गाणं रेंगाळायला लागलं, तशा बाईही बिचाऱ्या रेंगाळत ओठ हलवत राहिल्या. दुकानात चित्रावर मूळ गाणं चढवल्यावर घोटाळा कळला. पण तोवर बागेतला द्राक्षांचा माल निघून गेला होता, नुसती पानं राहिलेली. परत काढणार कसं?

जयंतीच्या संध्याकाळी मैदानात टेबलावर टीव्ही मांडला. आधीची गाणी बरी गेली. मग विरहाचं आलं. ते संपलं, तरी बाईंचं तोंड आपलं चालूच. पोरं फिदीफिदी हसायला लागली, मग मोठी माणसंही. नणंदेनं माझा हात धरला.

पुढं बसलेल्या एक म्हाताऱ्या आजी ओरडल्या, "तोंडाकडं काय बघता रे? गाणं ऐका की. परत लाव रे ते, आणि तिचं तोंड झाक."

व्हिडिओवाल्यानं कॅसेट मागं घेतली आणि बटण फिरवून चित्र काळं करून टाकलं. आता नुसता हिचा आवाज. ज्याला ती घाबरत होती तेच झालं, सगळ्यांनी ओळखला. पण हसलं कुणी नाही, कुजबुजलंही नाही. पलीकडं बायकोशेजारी तो मान खाली घालून बसला होता.

उठता उठता त्याची बायको थेट आमच्याकडं आली. कोवळी पोर, पदर सावरत म्हणाली, "ताई, तुम्हीच गायलात ना? मागच्या काकूंनी सांगितलं. यांना विचारलं, तर सांगतच नाहीत. मला शिकवाल?"

नणंद म्हणाली, "ये रविवारी दुपारी."

घरी येताना मी तिला रागावलेच. "कशाला बोलावलंस गं तिला?"

"तिला कुणी काहीच सांगितलेलं नाही, वहिनी. तिच्यावर कसला राग धरू?" पुढं चालता चालता म्हणाली, "आवाज बारीक आहे तिचा. पट्टी जरा वर घ्यावी लागेल."